कवळे ते काणकोण

'इथपासून तिथपर्यंत एवढंच दे.' ही मागणी दिवसभर कुठे ना कुठे चालू असते. बँकेत कुणाला एप्रिल ते जूनच्या नोंदी हव्या असतात, मामलेदार कचेरीत कुणाला रजिस्टरची ठराविक पानं, शाळेत कुणाला ४१ ते ८० क्रमांकाचे विद्यार्थी. मागणारा दोन टोकं सांगतो आणि मधलं सगळं आपोआप मिळेल असं धरून चालतो. पण मधलं म्हणजे नेमकं काय, हे कोण ठरवतं? ह्या प्रश्नाशी माझी गाठ जावा ह्या संगणकाच्या भाषेतल्या एका मेथडने, म्हणजे नावाने हाक मारून करवून घ्यायच्या कृतीने, घालून दिली. तिचं नाव सबसेट. क्रमाने लावलेल्या यादीतून दोन टोकांमधला तुकडा काढून देणं हे तिचं काम. पोटापाण्यासाठी जावा लिहितो, त्यामुळे शेकडो मेथड रोज हाताखालून जातात. पण थांबून विचार करावासा वाटला तो हिच्यापाशीच.

जावातला साधा हॅशसेट वस्तू जमा करतो, एक वस्तू दोनदा घेत नाही, पण कोणती आधी नि कोणती नंतर ह्याचं त्याला सोयरसुतक नसतं. सॉर्टेडसेट मात्र सगळं क्रमाने लावून ठेवतो. १९९८ साली जावाची १.२ ही आवृत्ती आली, तेव्हा जोशुआ ब्लॉक ह्यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या कलेक्शन्सच्या, म्हणजे वस्तू जमा करून ठेवायच्या साधनांच्या, संचातून तो आपल्या हाती आला. प्रत्यक्ष कामाला आपण घेतो तो ट्रीसेट. त्याच्या पोटात लाल-काळं झाड असतं. प्रत्येक गाठीच्या डाव्या अंगाला लहान, उजव्या अंगाला मोठं, आणि झाड एकीकडे कलू नये म्हणून गाठींना लाल-काळ्या रंगांचे नियम. रुडॉल्फ बायर ह्यांनी १९७२ मध्ये ह्या झाडामागची कल्पना मांडली, आणि १९७८ मध्ये गिबास आणि सेजविक ह्यांनी तिला हे रंग दिले. नियमांचा फायदा असा, की झाडावर दहा लाख नावं असली तरी हवं ते नाव गाठायला ४० पेक्षा कमी तुलना पुरतात.

म्हणूनच क्रमाने लावलेल्या सेटमधून तुकडा काढताना सगळ्या यादीवरून चाळणी फिरवायची गरज नसते. स्ट्रीम घेऊन फिल्टर लावला की पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकाला 'तू मधला आहेस का?' असं विचारलं जातं. सबसेट झाडावरून थेट सुरुवातीच्या टोकाशी उतरतो, तिथून क्रमाने पुढे जातो आणि दुसरं टोक आलं की थांबतो. त्याची दोन भावंडं आहेत. हेडसेट आरंभापासून सांगितलेल्या टोकाच्या आधीपर्यंतचं देतो, टेलसेट सांगितलेल्या टोकापासून अखेरपर्यंतचं.

तिघांचाही मूळ रिवाज एकच: खालचं टोक धरायचं, वरचं सोडायचं. शिकणाऱ्यांना हे सुरुवातीला खटकतं. 'दोन्ही टोकं का नाही घेत?' असं मला कितीतरी मुलांनी विचारलं आहे. मी त्यांच्यापुढे आपल्याकडची मासेमारी बंदी ठेवतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै समुद्रात जायला बंदी असते. तारखांच्या सेटमधून हा काळ काढायचा तर सबसेटला १ जून आणि १ ऑगस्ट ही टोकं द्यायची. ऑगस्टची पहिली तारीख वगळली जाते, कारण त्या दिवशी बंदी उठलेली असते. दोन टोकांमधलं अंतर ६१ दिवस, आणि बंदीचे दिवसही ६१. एक मिळवा, एक वजा करा, हा घोळच नाही. शिवाय पुढचा तुकडा १ ऑगस्टपासून सुरू केला, की दोन तुकड्यांच्या सांध्यात एकही दिवस गळत नाही आणि एकही दोनदा येत नाही. जून ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे लक्षात ठेवण्याचीही गरज नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका छोट्या टिपणात नेमकी हीच बाजू घेतली होती, आणि आजतागायत मला तिच्यावर तोड सापडलेली नाही.

तारखांचं एक बरं असतं. त्यांच्या क्रमाबद्दल वाद नाही. १ जूननंतर २ जून, हे पेडण्यातही खरं आणि सांग्यातही खरं. खरी गंमत गावांच्या नावांपाशी सुरू होते.

गोव्यात फोंड्याजवळच्या एका मराठी ग्रंथालयात देवस्थानांच्या स्मरणिका, जत्रांची पत्रकं, भजनी मंडळांचे अहवाल असा मोठा ऐवज आहे. ग्रंथपाल बाईंनी तो आयुष्यभर गावांच्या नावांनी लावत आणला. लाकडी खणांमध्ये कार्डं, आणि प्रत्येक खणावर त्यांच्या वळणदार अक्षरात दोन नावं. एका खणावर होतं 'कवळे ते काणकोण'. त्यातलं काणकोण स्वतः पुढच्या खणात असतं. बाईंनी कुणाच्याही सांगण्याशिवाय खालचं टोक धरण्याचा आणि वरचं सोडण्याचा रिवाज पाळला होता! ह्या कार्डांची यादी संगणकावर चढवायचं काम मी घेतलं, आणि खणांप्रमाणेच यादीचे तुकडे पाडून ते तपासणाऱ्यांना वाटायचे, असं आमचं ठरलं.

जावात नावांची तुलना, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर, युनिकोडच्या क्रमांकांवर होते. युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा तक्ता. युनिकोडमध्ये 'ल' ०९३२ वर, 'ळ' त्याला लागून ०९३३ वर, 'व' ०९३५ वर आणि 'ह' ०९३९ वर. म्हणजे 'ळ' हा 'ल' आणि 'व'च्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, आणि त्याच्याही मागून 'क्ष' आणि 'ज्ञ'. ह्याचा परिणाम कागदावर दिसावा म्हणून मी मुद्दाम त्याच खणाच्या दोन याद्या छापल्या आणि बाईंपुढे ठेवल्या. पहिली, संगणकाच्या मूळ क्रमाची: कवळे, कांदोळी, काकोडा. दुसरी, वर्णमालेच्या क्रमाची: कवळे, कळंगूट, कांदोळी, काकोडा.

बाईंनी चष्मा वर सारला. "ह्या पहिल्या यादीतलं कळंगूट कुठं गेलं रे?"

"बाई, संगणकाच्या लेखी ते कवळ्याच्या आधी येतं. 'ळ'चा नंबर 'व'च्या आधीचा."

"असं कसं? 'ह'नंतर 'ळ', हे पहिलीतलं पोर सांगेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि कांदोळी तेवढं घेतलं? दोन्ही गावं एकमेकांना लागून आहेत."

यादी तीच, दोन टोकं तीच, मेथड तीच. तरी एका क्रमात कळंगूट मधलं ठरतं आणि दुसऱ्यात नाही. पहिल्या यादीतून ते हरवलेलं नव्हतं. ते मूळ सेटमध्ये होतं, करमळीच्या पुढे आणि कवळ्याच्या मागे, आपल्या जागी व्यवस्थित. फक्त त्या खिडकीत बसत नव्हतं. म्हणून ह्या प्रकारची उणीव सापडायला अवघड जाते: एरर येत नाही, लाल रेघ येत नाही, आणि तपासणाऱ्याच्या हातात पडतो एक निर्दोष दिसणारा कागद.

आता हीच गावं नकाशावर लावा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्या क्रमाने कवळे ते काणकोण मागितलं, तर कळंगूटही जातं आणि कांदोळीही, कारण दोन्ही कवळ्याच्या उत्तरेला, बारदेशात. त्यांच्याऐवजी मडगाव, केपे, कुंकळ्ळी आत येतात, जी कुठल्याही वर्णमालेत त्या खणात पडली नसती. काकोडा मात्र इथेही टिकतं.

आणि चौथा क्रम रोमन लिपीचा. गोव्यात सरकारी कागदांवर तो आजही सगळ्यात जास्त दिसतो. रोमनमध्ये काणकोणची सुरुवात 'सी'ने. कवळे हल्लीच्या रीतीने 'के'ने लिहा किंवा जुन्या पोर्तुगीज वळणाने 'क्यू'ने, दोन्ही 'सी'च्या पुढेच. म्हणजे सुरुवातीचं टोक शेवटच्या टोकानंतर येतं. इथे सबसेट रिकामा तुकडाही देत नाही. इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन फेकतो आणि 'सुरुवात शेवटापेक्षा मोठी आहे' असं बजावतो. मला हा कडकपणा आवडतो. रिकामा तुकडा मिळाला असता तर कवळे आणि काणकोणच्या मध्ये एकही गाव नाही असं कुणीतरी खरोखर धरून चाललं असतं.

क्रम ठरवणाऱ्याला जावात कम्पॅरेटर म्हणतात. ट्रीसेट तयार करतानाच तो सोबत द्यायचा, नंतर बदलता येत नाही. आमच्यासाठी मी वर्णमालेचा एक तक्ता केला, प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तिचा क्रमांक, आणि कम्पॅरेटर त्या तक्त्यावर चालवला. पूर्ण वर्णमाला नियमांच्या रूपात लिहून दिली, तर रूलबेस्ड कोलेटर हा जावातला तयार वर्गही हे काम करतो. मला तक्ता बरा वाटला, कारण तो छापून बाईंच्या हातात देता येत होता. त्या पेन्सिल घेऊन बसल्या. 'ॲ' कुठे ठेवायचा, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला फार आनंद झाला. युनिकोडमध्ये 'ॲ' ०९७२ वर, 'ह'च्याही पलीकडे आहे. एखाद्याने तोच उच्चार 'अ'ला चंद्र जोडून टंकला, तर तो शब्द 'अ'च्या घरात जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, झाडावर एक पहिल्या फांदीला आणि दुसरा अगदी शेवटच्या. स्वरांचे शब्द मागणाऱ्या हेडसेटमध्ये त्यांतला एकच येईल. आम्ही दोन्ही रूपांना तक्त्यात शेजारी शेजारी बसवलं.

शेजारी, पण एकाच जागेवर नव्हे. ट्रीसेट दोन वस्तू एकच आहेत की नाहीत हे त्यांना विचारून ठरवत नाही, कम्पॅरेटरला विचारतो. कम्पॅरेटरने शून्य सांगितलं, की त्याच्या दृष्टीने दुसरी वस्तू आलीच नाही. ॲड ही मेथड गुपचूप फॉल्स, म्हणजे 'नाही', परत करते आणि आधीची वस्तू जागेवर राहते. समजा गावांचा क्रम कुणी फक्त तालुक्यावरून लावला. गोव्यात १२ तालुके, म्हणजे सेटमध्ये फार तर १२ गावं उरतील. फोंडा तालुक्यातलं जे पहिलं आलं ते राहिलं, मग कवळे असो, बांदोडे असो की म्हार्दोळ, बाकी सगळी दारातूनच परत. म्हणून तालुक्यापाठोपाठ नावाचीही तुलना जोडायची. जावा ८ पासून देन कम्पेअरिंग लिहून ते एका ओळीत होतं. गावाचं नाव गळणं ही माझ्या लेखी हिशेबातल्या चुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे. हिशेब दुसऱ्या दिवशी जुळवता येतो. यादीत नसलेल्या गावाची कार्डं कुणी मागायलाच येत नाही.

टोकांबद्दल अजून एक गोष्ट ह्या कामात हाताला लागली. सबसेटला दिलेली टोकं सेटमध्ये असायलाच हवीत असं नाही. फक्त 'क' आणि 'ख' ही दोन अक्षरं दिली, की 'क'ने सुरू होणारी सगळी नावं मिळतात, मग त्यांतलं शेवटचं कोणतं हे ठाऊक नसलं तरी चालतं. मूळ क्रमात 'क्षेत्र'सुद्धा ह्यात येतं, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते 'क'पासूनच सुरू होतं. बाईंच्या तक्त्यात ते शेवटी जातं.

२००६ च्या अखेरीस आलेल्या जावा ६ मध्ये नॅव्हिगेबलसेट आला आणि त्याने प्रत्येक टोक धरायचं की सोडायचं हे सांगायची मुभा दिली. मी ती क्वचितच वापरतो. गोव्यातल्या गावांची नावं दोन्ही तऱ्हांनी लिहिलेली सापडतात: केपे आणि केपें, कुडचडे आणि कुडचडें. 'केपे धरून तिथपर्यंत' असा तुकडा मागितला, तर 'केपे' आत येतं आणि 'केपें' एका अनुस्वारापायी बाहेर राहतं. शेवटच्या नावाला धरून बसण्यापेक्षा त्याच्या पुढचं अक्षर सोडायचं टोक म्हणून द्यावं. मग मागाहून कुठलंही नवं लेखन आलं तरी ते आपसूक तुकड्यात पडतं. नॅव्हिगेबलसेटची बाकी देणगी मात्र मी रोज वापरतो. सीलिंग म्हणजे हे किंवा ह्याच्या लगेच पुढचं, फ्लोअर म्हणजे हे किंवा लगेच मागचं, आणि हायर-लोअर म्हणजे ते स्वतः सोडून शेजारी. बाईंना एखादं गाव यादीत नसलं की 'मग त्याच्या जवळपासचं काय आहे?' हे हवं असायचं. त्याचं उत्तर एका ओळीत निघतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून राहिली आहे. सबसेट जे हातात देतो ती प्रत नसते. घराच्या मागच्या खिडकीतून कुळागराचा, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेचा, एक भाग दिसतो, तसं ते असतं. तिथे दिसणारी पोफळ कुळागरातलीच असते, आणि तोडली तर कुळागरातूनच जाते. मूळ सेटमध्ये कुणी 'कांसावली' घातलं आणि ते तुमच्या टोकांमध्ये बसत असलं, तर आधी घेतलेल्या तुकड्यात ते आपोआप दिसू लागतं. तुकड्यात नवं नाव घातलं तर ते मूळ सेटमध्ये जातं. टोकांच्या बाहेरचं नाव तुकड्यात घालू पाहिलं तर पुन्हा तोच कडक नकार. आणि तुकड्यावर क्लिअर म्हटलं, तर तेवढा भाग मूळ सेटमधून निघून जातो.

ह्या शेवटच्या गुणामुळे काही कामं विलक्षण नीट होतात. एका वर्षाआधीच्या नोंदी काढून टाकायच्या? हेडसेट घ्या, क्लिअर करा. त्याच गुणामुळे तुकडा दुसऱ्याच्या हाती देताना मी दहादा विचार करतो. तपासणाऱ्यांना द्यायच्या याद्या आम्ही म्हणूनच नव्या ट्रीसेटमध्ये उतरवून दिल्या. ट्रीसेटला सॉर्टेडसेट म्हणून तुकडा दिला की तो त्याचा कम्पॅरेटरही सोबत घेतो, आणि आधीच क्रमाने असल्यामुळे नवं झाड एका फेरीत उभं राहतं. कुणी आपल्या भागातली शंभर नावं खोडली तरी मूळ यादीला धक्का नाही. ह्याची दुसरी बाजूही आहे. कुणी खिडकी तेवढी जपून ठेवली तर तिच्यामागचं अख्खं कुळागर मेमरीत राहतं. मोठ्या यादीतले चार शब्द दिवसभर हाताशी हवे असतील तर ते उतरवून घेतलेले बरे.

खिडकीत किती नावं आहेत, हे विचारणंही स्वस्त नाही. अख्ख्या ट्रीसेटला आपली संख्या तोंडपाठ असते. तुकड्याला नसते, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मोजतो. म्हणून 'काही आहे का?' एवढंच हवं असेल तर साइज विचारून शून्याशी ताडून बघू नये, इझ एम्प्टी विचारावं. ते पहिलं नाव बघून लगेच सांगतं. आणि तुकड्यावरून फिरत असताना मूळ सेटमध्ये दुसऱ्या कुणी भर घातली, तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शनची तयारी ठेवावी. एकाच वेळी अनेकांनी लिहायचं असेल तर कॉन्करंट स्किपलिस्टसेट घ्यावा. सबसेट, हेडसेट, टेलसेट त्यालाही आहेत, आणि फिरता फिरता झालेले बदल तो निभावून नेतो.

प्रत्येक सॉर्टेडसेटला कम्पॅरेटर नावाचीच एक मेथड असते. 'तुझा क्रम कोणता?' एवढं ती सांगते, आणि उत्तर नल, म्हणजे 'काहीच नाही', आलं तर समजायचं की मूळ क्रमच चालू आहे. तुकडाही हे सांगतो, कारण त्याचा क्रम मूळ सेटचाच असतो. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये तुकडे पाडण्याआधी मी हे विचारून घेतो, विशेषतः नावं देवनागरीत असली तर.

बाईंनी आपल्या यादीसाठी हेच केलं. छापील यादीच्या पहिल्या पानावर त्यांनी चार ओळी घालायला लावल्या: 'ळ' हा 'ह'नंतर, 'क्ष' आणि 'ज्ञ' सर्वांत शेवटी, 'ॲ' हा 'अ'नंतर लगेच, आणि अनुस्वार असलेलं नाव व नसलेलं नाव ह्या दोन वेगळ्या नोंदी समजाव्यात. खणांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी बदलल्या नाहीत, बदलायची गरजच पडली नाही. आता ग्रंथालयातल्या वाचकांना तालुक्याप्रमाणेही यादी हवी आहे, तेव्हा तीच गावं दुसऱ्या कम्पॅरेटरने दुसऱ्या ट्रीसेटमध्ये लावायचं काम चालू आहे. त्यात फोंड्याची नावं लावून झाली, सत्तरीची अर्धी, आणि सध्या बाई वाळपईच्या जुन्या स्मरणिका चाळत बसल्या आहेत.